बाभळीतला कोन

गणिताच्या पुस्तकात बहुभुजाचं उदाहरण आलं की त्यातला एकच कोन हरवलेला असतो. चार दिलेत, पाचवा काढा. पाच दिलेत, सहावा काढा. पोरं सूत्र लावतात, वजाबाकी करतात, उत्तराखाली दोन रेघा ओढतात आणि पुढच्या उदाहरणावर जातात. कधीमधी दोन कोन हरवलेले दिसलेच, तर शेजारी 'दोन्ही समान आहेत' किंवा 'एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे' अशी कुबडी ठेवलेलीच असते. सातवी-आठवीला हा भाग मी बरीच वर्षं शिकवतेय, आणि या सगळ्या प्रकरणात मला नवल वाटतं ते या 'एकच'चं. एकच का? आणि ज्या कोपऱ्याकडे आपण ढुंकूनही पाहिलं नाही, जिथं कोनमापक टेकवलासुद्धा नाही, तिथला कोन बसल्या जागी कसा काय कळतो?

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. बाजू मोजा, त्यातून २ वजा करा, १८० ने गुणा. त्रिकोणाचे १८०, चौकोनाचे ३६०, पंचकोनाचे ५४०, षटकोनाचे ७२०. हे २ कशाचे, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचित येतो, आणि आलाच तर मागच्या बाकावरून येतो. पहिल्या बाकावरच्यांना मार्कांची घाई असते. पुस्तकातलं उत्तर असं, की एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांकडे कर्ण काढा. पंचकोनाचे ३ त्रिकोण होतात, षटकोनाचे ४. आपण ज्या कोपऱ्यात उभे आहोत त्याच्या समोरच्या प्रत्येक बाजूवर एकेक त्रिकोण बसतो. आपल्याच पायाला लागून असलेल्या दोन बाजूंवर तो बसू शकत नाही. ते हे २.

मागे एका पोरीनं फळ्यावर वेगळंच केलं. पंचकोनाच्या पोटात मधोमध टिंब दिलं आणि तिथून पाचही कोपऱ्यांना रेघा नेल्या. पाच बाजू, पाच त्रिकोण, ९०० अंश. मग म्हणाली, "मॅडम, टिंबाभोवतीचे कोन फुकटचे आलेत. ते कोपऱ्यात नाहीत. ते काढून टाकते." ३६० काढले, ५४० उरले. सूत्रातले २ म्हणजे हे टिंबाभोवतीचे ३६०, हे तिनं न सांगताच सगळ्यांना दिसलं.

मला स्वतःला चालायची रीत जास्त आवडते. त्यासाठी वर्ग सोडून मैदानावर जावं लागतं. आमच्याकडची माती काळी, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा उठून दिसतात. मोठा, वेडावाकडा पंचकोन आखायचा आणि एका पोराला रेघेवरून चालायला लावायचं. कोपरा आला की थांबायचं, पुढच्या रेघेकडे तोंड वळवायचं, पुन्हा चालायचं. बाकीच्यांनी फक्त वळणं बघायची. आठवीतला एक पोरगा निघायच्या आधी पहिल्या कोपऱ्यावर चपला काढून ठेवायचा. त्याही अशा, की टोकं निघायच्या दिशेला. अनवाणी फेरी मारून, शेवटचं वळण घेऊन तो त्याच चपलांत पाय घालायचा. पाय सरळ आत. वाकडा नाही, तिरपा नाही. म्हणजे फेरीभर वळून वळून तो एकूण किती वळला? बरोबर एक पूर्ण गिरकी, ३६०. कोपरे पाच असोत, पन्नास असोत, चपलांत पाय सरळच जाणार.

प्रत्येक कोपऱ्यावरचं हे वळण म्हणजे बाह्यकोन. तो आणि आतला कोन मिळून १८०. पाच कोपऱ्यांचे पाच वेळा १८०, त्यातून एक गिरकी वजा. ५४०. इथंही तेच २ परत आले, पण आता ते वजा का होतात हे पायाला कळलेलं असतं.

एखादा कोपरा आत दबलेला आखला की खरी मजा. तिथं चालणारा डावीकडे वळायचं सोडून उजवीकडे वळतो आणि पोरं ओरडतात, "उलटा वळला, उलटा वळला!" ते वळण वजा धरायचं. आतून मोजला तर तो कोन १८० पेक्षा मोठा, प्रविशाल कोन. पुस्तकात हे नाव एकदा येतं, पोरं विसरून जातात, आणि बहुभुजाचं निम्मं गणित नेमकं तिथंच बिघडतं. त्याबद्दल पुढे शेताच्या गोष्टीत सांगते.

त्याआधी बारव. मराठवाड्यात जुन्या बारवा गावोगाव आहेत. कित्येक वर्षं गाळानं आणि कचऱ्यानं भरलेल्या होत्या, अलीकडे बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळ्या केल्यात. वरून पाहिलं तर काही बारवांचा आकार अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. मधे चौकोनी पाणी आणि चारी बाजूंना पायऱ्यांचे हात. अशा काठाचे कोपरे मोजा. बाहेरच्या अंगाचे ८, आतल्या अंगाचे ४. एकूण १२. बाहेरचे ८ काटकोन म्हणजे ७२०. आतले ४ प्रविशाल, प्रत्येकी २७०, म्हणजे १०८०. बेरीज १८००. सूत्रानं बघायचं तर १२ तून २ गेले १० आणि १० गुणिले १८०, तेही १८००.

पोरांना अशा बारवेवर नेलं की मी एक पैज लावते. एकेका थराचे, एकेका टप्प्याचे कोपरे मोजा आणि बाहेरच्यांतून आतले वजा करा. उत्तर मी आधीच कागदावर लिहून खिशात ठेवते. कारागिरानं एखादा कोपरा आणखी कोरून त्याचे दोन केले असतील, तर बाहेरचा एक वाढतो आणि आतलाही एक वाढतो. फरक हलत नाही. सगळ्या भिंती एकमेकींशी काटकोनात असल्या की हा फरक ४ च येतो. चालणाऱ्या पोराला पूर्ण गिरकी घ्यायची तर नव्वदाची चार डावी वळणं निव्वळ शिल्लक राहायलाच हवीत. बाकीची डावी-उजवी एकमेकांना खाऊन टाकतात. यादवांच्या काळातल्या आपल्याकडच्या देवळांच्या बाहेरच्या भिंतीही अशाच कोपऱ्यांनी भरलेल्या असतात. औंढा नागनाथाला प्रदक्षिणा घालताना माझी बोटं आपोआप कोपरे मोजायला लागतात आणि सोबतच्या बायकांना वाटतं मी जप करतेय.

काही देवळांचा तळ मात्र चांदणीसारखा असतो, तिथं ही चारची पैज चालत नाही. एकाच मापाचे दोन चौकोन एकावर एक ठेवून एक ४५ अंशांत फिरवला की आठ टोकांची चांदणी होते. कोपरे १६, बेरीज २५२०. आठ टोकं ९० ची, त्यांचे ७२० गेले की १८०० उरतात, म्हणजे खाचेतला प्रत्येक कोन २२५. कोनमापक न लावता.

पण ज्यांना हातानं आकार उभा करायचा असतो त्यांना पुष्कळदा कोनाशी देणंघेणंच नसतं. आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे तुळशीवृंदावनाचा अष्टकोनी कट्टा बांधत होते. मिस्त्रीनं आधी दहा फुटांचा चौकोन आखला. काटकोन तीन-चार-पाचच्या दोरीनं जुळवला, दोन्ही कर्णांना दोरी लावून ते सारखे भरतात का ते पाहिलं. मग अर्ध्या कर्णाएवढी दोरी घेतली, सात फुटांच्या जरा वर, आणि एकेका कोपऱ्यावर टोक धरून शेजारच्या दोन्ही बाजूंवर खुणा केल्या. चार कोपरे, आठ खुणा. खुणा लागोपाठ जोडल्या आणि कोपरे उडवले. झाला अष्टकोन, प्रत्येक बाजू चार फूट आणि पावणेदोन इंचांच्या आसपास. मी म्हटलं, "मिस्त्री, याचा एकेक कोन १३५ चा होतो." ते म्हणाले, "व्हत असंल की. म्या कुठं नाय म्हणलंय."

आठांनी भागायचं म्हणून १३५. १०८० भागिले ८. छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात खालच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरस बानूची, औरंगजेबाच्या बेगमेची, ही कबर. इमारतीच्या बांधकामाशी अताउल्ला आणि हंसपतराय ही दोन नावं जोडलेली आहेत. लोक वरून वाकून चादर बघतात, नाणी टाकतात. मी तिथं उभी राहून वेगळाच विचार करते. असा कठडा आज कुणी नव्यानं करायला घेतला तर आठ जाळ्यांची सोळा टोकं तासावी लागतील, प्रत्येक टोक साडेसदुसष्ट अंशांत. दर टोकाला अर्धाच अंश चुकला, तोही एकाच बाजूला, तर सोळा टोकांवर मिळून ८ अंशांची फट पडेल. ती फट दिसेल कुठं? शेवटच्या सांध्यात. पहिले सात सांधे गपगुमान बसतील आणि आठवा बसवणाऱ्याला बोल लागेल. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

हे शेवटच्या सांध्याचं दुखणं मला नीट कळलं ते आमच्या वावरात.

वाटणीच्या बोलण्याला सुरुवात झाली होती. सरकारी मोजणी व्हायचीच होती, पण त्याआधी घरचा एक नकाशा असावा असं काकांना वाटलं. माझा चुलतभाऊ रस्त्यांच्या कामावर असतो, त्यानं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, आणला. वावराला कोपरे सहा. एका ठिकाणी ओढा आत घुसलाय, तिथं धुरा, म्हणजे बांध, पोटात शिरल्यासारखा दबलाय. आणि सहाव्या कोपऱ्यात जुनी ढासळलेली विहीर, तिच्याभोवती वेड्या बाभळीचं रान. तिथं ना यंत्र उभं राहत होतं, ना दुरून काठी दिसत होती. पाच कोपरे झाल्यावर भाऊ कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ताई, पाच घेतले. सहावा तू काढ. तुझंच काम हाय ते."

अंशाचे बारीक भाग, म्हणजे मिनिटं-सेकंद, इथं सोडून देते, नुसते अंश सांगते. त्यानं लिहिलेले आकडे होते ९२, १४८, १०५, १२४ आणि ६१. बेरीज ५३०. षटकोनाचे ७२०, म्हणजे सहावा १९०. मी वहीतून मान वर करून बाभळीकडे पाहिलं. १९० म्हणजे तिथं वावर आत दबलेलं असायला हवं. आणि तो कोपरा तर सरळसरळ बाहेर आलेला, निमुळता. आमचं त्या टोकाचं औत वळवताना बैलांची कशी तारांबळ व्हायची ते काका अजून सांगतात. भावाला विचारलं, ओढ्यापाशी कुठल्या अंगाचा कोन घेतलास? त्यानं ओढ्याच्या अंगाचा घेतला होता, वावराच्या अंगाचा नव्हे. १२४ च्या जागी ३६० वजा १२४, म्हणजे २३६ पाहिजे. मग पाचांची बेरीज ६४२ आणि बाभळीतला कोन ७८.

आकृती आत दबली की माणसाची नजर लहान कोनाकडेच जाते. पोरांचंही तसंच. सोपा उपाय हा, की आकृतीच्या आत उभं आहोत असं समजायचं आणि त्या कोपऱ्यात आपल्या वाट्याला किती जागा येते ते बघायचं. अर्ध्या गिरकीपेक्षा जास्त आली तर कोन १८० च्या वर.

काकांनी ७८ ऐकलं आणि विचारलं, "बरोबर हाय का पण?"

मी होय म्हणणार होते, पण शब्द निघेना. ७८ बरोबर आहे हे दाखवायला माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. सहा कोनांमधलं नातं एकच, त्यांची बेरीज ७२०. ते नातं मी सहावा काढण्यात खर्च केलं होतं. समजा पहिला कोन ९२ नसून ९५ असता, तर सहावा ७५ निघाला असता आणि बेरीज तरीही ७२० च भरली असती, एकदम गुळगुळीत. पाच कोपऱ्यांवर झालेली सगळी उणीदुणी न मोजलेल्या सहाव्याच्या पोटात जातात. महिन्याचा हिशोब जुळेना म्हणून वहीच्या शेवटच्या ओळीत 'किरकोळ' लिहून रक्कम जुळवतात, तसा तो ७८. एक नातं आहे, त्याचा उपयोग एकदाच. हरवलेला कोन तरी शोधा, नाहीतर चूक तरी पकडा. पुस्तकात एकच कोन हरवलेला का असतो त्याचं उत्तर हेच, आणि पुस्तक आपल्याला नेहमी पहिलाच उपयोग शिकवतं. दिलेले कोन खरेच असतात, अशी तिथं हमी असते. वावरात कुणी हमी देत नाही.

१९० पकडला गेला तो बेरजेमुळे नव्हे. काकांचे बैल तिथं वळत नव्हते म्हणून पकडला गेला. तीन अंशांची चूक बैलांनाही कळली नसती.

"मग बाभळ तोडा," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन गडी आणि कोयते लागले, भावानं विहिरीच्या काठाला जपून तिपाई रोवली आणि सहावा कोन मोजला. या वेळी सहा आकडे खरोखर मोजलेले. बेरीज ७२० ला ४० सेकंद कमी भरली. एका अंशाचे ३६०० सेकंद, त्यातले ४०. मोजणी करणाऱ्या मापकांचा साधारण नियम असा, की यंत्राचं लघुतम माप (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) गुणिले कोपऱ्यांच्या संख्येचं वर्गमूळ, एवढा फरक चालवून घ्यायचा. भावाचं यंत्र २० सेकंदांचं, सहाचं वर्गमूळ २.४५, म्हणजे ४९ सेकंदांपर्यंत माफ. आम्ही आत होतो. ते ४० सेकंद त्यानं सहा कोपऱ्यांना सारखे वाटून टाकले. काकांना तो प्रकार फार पटला नाही. "कमी आलं तर ज्याच्याकडून आलं त्यानं भरावं," असं त्यांचं मत. पण ज्याच्याकडून आलं तो कोण हे बेरीज सांगत नाही. कमी आलंय एवढंच सांगते.

त्यानंतरचा त्यांचा प्रश्न कुठल्याही शेतकऱ्याचा असतो तोच. "गुंठे किती भरले?"

कोनांना गुंठ्यांतलं काही कळत नाही. सगळेच्या सगळे कोन माहीत असले तरी वावर केवढं हे सांगता येत नाही. त्रिकोणाचे तीन कोन सांगितले तर निदान आकार तरी ठरतो, मोठा की लहान एवढंच राहतं. चार बाजूंपासून पुढे तर आकारही ठरत नाही. चारही कोन काटकोन असलेलं वावर चौरस असेल, नाहीतर रस्त्याच्या कडेची लांबलचक पट्टी. माप लांबीतून येतं. काकांना जुनी साखळी आठवते, ३३ फुटांची, तिचे १६ आणे. तेवढीच बाजू असलेला चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीनं मोजताना कोनाची भानगडच नको म्हणून वावराचे त्रिकोण पाडतात आणि प्रत्येकाच्या तिन्ही बाजू मोजतात. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही, कोन आपसूक ठरतात. सहा कोपऱ्यांच्या वावराचे त्रिकोण चार. तेच ते, दोनने कमी. आमच्यासारखं वावर आत दबलेलं असेल तर दबलेल्या कोपऱ्यातून रेघा काढाव्यात, म्हणजे कर्ण ओढ्यात जात नाहीत. आणि त्रिकोण फार चपटे पाडायचे नाहीत. ३० पेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा कोन शक्यतो टाळायचा, कारण चपट्या त्रिकोणात टेपची बोटभर चूक टोकाला हातभर होते.

त्रिकोणांची ही विद्या आपल्या शेजारून फार मोठ्या प्रमाणावर गेलीय. विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकानं १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत बिदरला आली, तिथं त्यानं १८१५ मध्ये पायारेषा, म्हणजे त्रिकोणांची पहिली बाजू, मोजली. बिदर म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरच्या कुशीतलंच. पायारेषा तेवढी जमिनीवर साखळीनं मोजायची, आणि तिथून पुढे मैलोन्मैल नुसते कोन. एका टेकडीवरून दोन टेकड्या बघायच्या. तिथंही तोच प्रश्न होता, की दोन कोन मोजले तर तिसरा वजाबाकीनं मिळतो, मग तिसऱ्या टेकडीवर अर्धा टन वजनाचं यंत्र चढवायचं कशाला? चढवायचं, कारण तिसरा मोजल्याशिवाय पहिले दोन कितपत खरे ते कळत नाही. १८२३ मध्ये लॅम्टन वारला तोही कामावर असतानाच, वर्ध्याकडच्या हिंगणघाटला.

त्या मोठ्या त्रिकोणांत आणखी एक गोम होती. कोन कितीही नेटके मोजले तरी बेरीज १८० च्या किंचित वर जायची. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरच्या त्रिकोणाची बेरीज १८० पेक्षा जास्तच भरते, क्षेत्रफळाच्या प्रमाणात. सुमारे १९७ चौरस किलोमीटरांमागे एक सेकंद. ५० किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात साडेपाच सेकंदांच्या आसपास. हे वाढीव सेकंद चूक म्हणून वाटून टाकायचे नसतात, ते खरे असतात, आधी बाजूला काढून मगच चुकीचा हिशोब मांडायचा. पाच एकरांच्या तुकड्यात ही वाढ एका सेकंदाचा दहा हजारावा भाग असेल. तेव्हा धुऱ्याच्या भांडणात पृथ्वीचा गोलपणा कुणाच्याच कामाचा नाही.

सरकारी मोजणीला हल्ली रोव्हर येतो. कोपऱ्यावर काठी उभी करायची, वरचं उपकरण उपग्रहांकडून जागा घेतं, बटण दाबलं की झालं. बाभळीत काठी शिरली तर बाभळही तोडायला नको, पण वर आभाळ मोकळं पाहिजे. कोन मोजायचाच नाही. लागला तर संगणक जागांवरून काढून देतो, आणि अशा काढलेल्या कोनांची बेरीज षटकोनासाठी नेमकी ७२० येते. दर वेळी. काठी हातभर चुकीच्या जागी रोवली असली तरी ७२०. सहा टिंबं जोडून बंद केलेली आकृती बंदच असते, तिला न जुळायला वावच नाही. ज्या बेरजेवर मापकांच्या पिढ्यांनी चुका पकडल्या, ती बेरीज या नकाशावर काहीच पकडत नाही. सोय उत्तम आहे, माझी तक्रार नाही. पण आमच्या मोजणीच्या दिवशी मी भावाला टेप घेऊन यायला सांगितलं होतं. दोन कोपऱ्यांमधलं अंतर टेपनं घेऊन नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहिलं, तर ती तपासणी निदान नकाशाच्या बाहेरून आलेली असते.

तेव्हापासून वर्गात मी हरवलेल्या कोनाची उदाहरणं कमी केलीत. परीक्षेपुरती करून घेते. त्याऐवजी पाच-पाच जणांचे गट करते, प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचा एक पंचकोन देते आणि सांगते, एकेकानं एकेक कोन मोजायचा, दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही. मग फळ्यावर बेरीज. ५४० कुणाचीच येत नाही. परवा एका गटाचे आले ९०, ११०, १२५, ९५, ११८. बेरीज ५३८.

"कोण चुकलं?" लगेच सुरू झालं. ९० वाला म्हणाला, माझा तर काटकोन आहे, गुण्या लावून बघा. ९५ वालीनं दोनदा मोजला होता. मी सांगितलं, प्लॅस्टिकच्या कोनमापकावर एकेक अंश इकडेतिकडे होणारच. पाचाचं वर्गमूळ सव्वादोन, दोन अंश त्याच्या आत बसतात, तेव्हा कुणीच चुकलं नाही. प्रत्येकानं ०.४ घ्या. हे त्यांना काकांइतकंच पटलं नाही. "मॅडम, पॉइंट चार कोनमापकावर हाय कुठं?" शेवटी गटानं आपसात न्यायनिवाडा केला. ११८ वाल्याच्या कोनमापकाचं एक टोक तुटलेलं निघालं आणि शून्याची रेघ पुसट झालेली. दोन्ही अंश त्याच्याच कोनात घातले, ११८ चे १२० झाले. तो बिचारा म्हणत राहिला की रेघ पुसट असली तरी त्यानं पट्टी लावून नीट मोजलंय. आता हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण सर्वेक्षणाच्या शास्त्रात याला जागा आहे. ज्या मोजमापाचा भरवसा कमी, त्याच्या वाट्याला दुरुस्ती जास्त.